मदत हवी आहे: पिकलेली गाठ फोडली, आता पिशवी कधी काढायची?

बाबांच्या पाठीवर बरीच वर्षं सुपारीएवढी गाठ होती, मधोमध काळा ठिपका. दुखत नव्हती म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. दिवाळीनंतर लाल होऊन ठणकायला लागली. सर्जननी जागेवर भूल देऊन चीर दिली, पू काढला (वास विचारू नका!) आणि आत गॉजची वात भरली. टाके नाहीत, आतून भरत यावी म्हणून जखम उघडीच ठेवलीय. गाठीची पिशवी (म्हणजे तिचं आतलं आवरण) मात्र आतच आहे. ती राहिली तर गाठ पुन्हा होऊ शकते, म्हणून सूज उतरल्यावर काढू म्हणाले. बाबांना शुगर आहे, आणि ‘बरं झालंय की’ म्हणत दुसऱ्या ऑपरेशनला तयार नाहीत.

कुणी नंतर पिशवी काढून घेतलीय का? साधारण किती आठवड्यांनी? आणि वात बदलताना फार कळवळतात. ड्रेसिंगच्या आधी डॉक्टरांनी तुम्हाला दुखण्याची गोळी दिली होती का?

हळदीचे सल्ले कृपया नकोत, ते आत्याकडून रोज मिळताहेत.