‘आबाळ’ की ‘हेळसांड’?

विटेकर: कथा लिहितोय. तासगावकडचं घर, द्राक्षबाग कर्जात, आईबापांचा अबोला. नऊ वर्षांचं पोरगं दोघांमधलं निरोप्या. "तुझ्या बापाला सांग, भाकरी झाल्यात." बाप चार हातांवर बसलेला असतो, तरी पोरानं जाऊन सांगायचं. पुढे मी लिहिलं, ‘बापाने पोराची आबाळ केली.’ बायकोने ‘आबाळ’ खोडून ‘हेळसांड’ केलं. बरोबर कोण?

वाईची: वहिनी! हेळसांड कुणीतरी करतं, आबाळ होते. आई बाळंतपणाला माहेरी गेली आणि थोरल्याच्या खाण्यापिण्याची आबाळ झाली, यात दोष कुणाच्या माथी मारणार?

विटेकर: पण ताई, मी पुण्याला शिकायला होतो तेव्हा आजी फोनवर हमखास म्हणायची, "पोटाची आबाळ करू नगंस."

वाईची: ते स्वतःपुरतं. आपली आपण करतो, करून घेतो. दुसऱ्याची ‘आबाळ केली’ म्हटलं की माझ्या कानाला खटकतं. नियम नाही सांगत हं, कानाचं सांगतेय.

कृष्णाकाठ: कान बरोबर आहे. विटेकर, तुमची कथा सांगतंय कोण, यावर शब्द ठरेल. चाळिशीतला माणूस बालपण सांगतो तेव्हा त्याच्या मनात निवाडा झालेला असतो, तिथे ‘हेळसांड’ चपखल. नऊ वर्षांच्या पोराला आरोपी कोण ते ठाऊक नसतं. त्याला भाकरी गार झालेली कळते. आणि काही घरांत आरोपी खरंच सापडत नाही. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ असं मोजतात, हंगामभर मुक्काम कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, गावाकडची शाळा बुडते. त्या आईबापांना ‘हेळसांड केली’ म्हणणारा लेखक मला तरी आगाऊ वाटेल.

उलट आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७) घ्या. कागलचं पोर, त्याला शाळेतून काढून मळ्यात राबवणारा बाप. पण नाव बघा. झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून घेतलेली झटापट. पोर नुसतं सोसत नाही, भिडतं. दुःखी बालपणाच्या पुष्कळ कथांत पोर म्हणजे डोळ्यांत पाणी आणून उभं केलेलं बाहुलं असतं. मला त्याचा कंटाळा आहे.

मिरजवाला: ‘परवड’ राहिला. आज मामाकडे, उद्या आत्याकडे, दिवाळीत कुणाकडेच नाही, अशा पोराची परवड होते. आबाळ एका जागीही होते.

वाईची: वा, हे पटलं.

विटेकर: मग वाक्यच काढतो. पोरगं निरोप सांगून येतं आणि उंबऱ्यावर बसतं, एवढंच ठेवतो. ‘आबाळ’ आजीच्या तोंडी घालतो.

मिरजवाला: आजी कुठली? जतकडची असेल तर जपून. तिकडे ‘आबाळ आलंय’ म्हटलं की बायका वाळवण गोळा करायला पळतात.

विटेकर: आजी जतचीच आहे!