मिशा मोजून मागूर ओळखता येत नाही

इथे टाकलेल्या फोटोतल्या माशाचा रंग काळपट आणि मिशांच्या चार जोड्या, म्हणून हा देशी मागूरच (गोड्या पाण्यातला मिशांचा मासा), असं एकाने म्हटलंय. पण आफ्रिकन मागूर आणि शिंगी (मागूरसारखाच दिसणारा दुसरा मासा) यांनाही मिशांच्या चारच जोड्या असतात. रंग तर पाण्यानुसार आणि वयानुसार बदलतो.

आधी पाठीवरचा पर बघा. शिंगीचा पर अगदी छोटा, जेमतेम सहा-सात काट्यांचा असतो. मागूरचा मात्र डोक्यामागून सुरू होऊन थेट शेपटीपर्यंत जातो. फोटोत तो लांबलचक दिसतोय, म्हणजे शिंगी बाद.

आता देशी की आफ्रिकन? इथे सगळ्यात कामाची खूण डोक्याच्या मागच्या कडेला आहे. ओल्या बोटाने चाचपून पाहा: देशी मागूरमध्ये कवटीचं हाड मागे एकाच टोकात, इंग्रजी 'व्ही'सारखं निमुळतं होतं; आफ्रिकनमध्ये ती कड 'एम'सारखी, तीन कमानींची असते. मग मासा उलटा करून हनुवटीखाली बघा. आफ्रिकनच्या डोक्याखाली दोन्ही बाजूंना एकेक गडद पट्टा असतो, पण अगदी लहान पिल्लांमध्ये तो दिसेलच असं नाही. अंगावर संगमरवरासारखी ठिगळं असतील तर संशय आणखी वाढतो. संकर झालेल्या माशांत या खुणा मिसळतात, त्यामुळे एकाच खुणेवर निकाल देऊ नका.

हाताळताना छातीच्या परांचे काटे सांभाळा, शिंगीचे तर विषारी असतात. डोक्याचे वरून आणि खालून असे दोन स्पष्ट फोटो टाका, बहुधा सांगता येईल.