व्हिवाल्डी ऐकायचा तर जुन्याच वाद्यांवर?

गंधार:
धागा काढतोय तो वाद घालायलाच. माझं मत : अठराव्या शतकातला इटालियन संगीतकार व्हिवाल्डी, त्याचे व्हायोलिन कॉन्चेर्तो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्या रचना) जुन्या घडणीची वाद्यं वाजवणाऱ्या समूहाकडूनच ऐकावेत. तातीच्या (जनावराच्या आतड्याच्या) तारा, बाहेरच्या बाजूला वाकलेला हलका गज, चिनरेस्ट म्हणजे हनुवटीचा आधार नाही, सोबतीला हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोआधीचं तारा छेडणारं पट्ट्यांचं वाद्य.

१७२५ साली अ‍ॅम्स्टरडॅमला छापलेल्या 'चार ऋतूं'मधला 'वसंत' घ्या. मधल्या संथ भागात एकल व्हायोलिन म्हणजे झोपलेला शेळीवाला, बाकीची व्हायोलिनं म्हणजे पानांची सळसळ आणि व्हियोला (व्हायोलिनचं थोडं मोठं, खर्जातलं भावंड) म्हणजे भुंकणारं कुत्रं. हे माझ्या पदरचं नाही, स्वरलिपीतच लिहिलंय. व्हियोलाला वर सूचना आहे की सतत खूप जोरात, ओरबाडल्यासारखं वाजवा. मोठ्या आधुनिक ऑर्केस्ट्रात व्हियोलावाले बहुधा सभ्यपणे मागे राहतात. कुत्रं भुंकत नाही, खाकरतं. मिलानच्या 'इल जार्दिनो आर्मोनिको' या जुनी वाद्यं वाजवणाऱ्या समूहाकडून तोच भाग ऐका, अंगावर येतं.

नानबा:
साफ असहमत. कुत्रं जोरात भुंकवायला तात कशाला लागते? सूचना वाचून जोरात वाजवा, झालं.

आणि हे समूह बहुतेकदा वाद्यं ४१५ ला ('ए' या स्वराची सेकंदाला ४१५ कंपनं) लावतात, ती पट्टी तरी कुठे जुनी आहे? तेव्हा गावोगाव पट्टी वेगळी असायची. ४१५ हा विसाव्या शतकात ठरलेला सोयीचा आकडा, ४४० पासून बरोबर अर्धा सूर खाली. खुद्द व्हिवाल्डीच्या व्हेनिसची पट्टी बरीच वर होती म्हणतात. संगीताचे अभ्यासक रिचर्ड टारस्किन यांनी हे कधीच सांगून ठेवलंय : ही 'ऐतिहासिक' शैली म्हणजे विसाव्या शतकाचीच आवड, जुना अंगरखा घालून आलेली.

अवंती:
मी व्हायोलिन वाजवते म्हणून मधेच बोलते. तारांपेक्षा गजाने जास्त फरक पडतो. जुन्या गजाचं टोक हलकं, त्यामुळे प्रत्येक आघात आपसूक विरत जातो आणि दोन स्वरांमध्ये श्वास येतो. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या फ्रान्स्वा तूर्त या गज-कारागिराने घडवलेला आतल्या बाजूला वाकलेला गज टोकापर्यंत सारखा आवाज देतो. मोझार्टनंतरच्या लांबलचक ओळींना तो उत्तम, पण व्हिवाल्डीच्या तुटक, बोलक्या वाक्यांवर इस्त्री फिरते. कित्येक आधुनिक वाद्यवृंद फक्त गज बदलतात आणि तेवढ्यानेही बरंच साधतं.

तातीचं म्हणाल तर मुंबईच्या पावसाळ्यात हौस फिटते. तात ओलावा पिते, एक भाग संपेस्तोवर सूर घसरलेला.

नानबा:
बघा, वाजवणारेच सांगतायत! शिवाय स्ट्राडिव्हारी या नामांकित जुन्या कारागिराची जवळपास सगळी व्हायोलिनं पुढच्या काळात उघडून मान बदलली, आतली आधाराची लाकडी पट्टी जाड केली. म्हणजे आज 'जुनं वाद्य' म्हणून दाखवतात ती एकतर नक्कल, नाहीतर मागे वळवलेली दुरुस्ती.

मिरजकर:
सारंगीला आजही तातच लागते, तिला कुणी ऐतिहासिक म्हणत नाही. बाकी चालू द्या.

एक मात्र, आधुनिक वाद्यांना इतकं हिणवू नका. व्हिवाल्डी १७४१ मध्ये व्हिएन्नात वारला आणि जवळजवळ विसरला गेला. हस्तलिखितांचं मोठं घबाड १९२६ नंतर कुठे उजेडात आलं, ते आता इटलीतल्या तोरिनोच्या (ट्यूरिन) राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पुढे त्याला घराघरात पोचवलं ते 'इ मूझिची'सारख्या इटालियन समूहांनी, तेही आधुनिक वाद्यांवर. त्यातल्या फेलिक्स आयोचं व्हायोलिन ऐकून आमची पिढी व्हिवाल्डीला लागली.

गंधार:
मिरजकर, उपकार मान्य. पण म्हणून कान तिथेच थांबवायचे का?

नानबा, जुनं तेवढं खरं असा माझा दावाच नाही. तसं असतं तर व्हेनिसच्या पिएता या अनाथाश्रमातल्या मुलीच जाळीआड बसवाव्या लागतील, व्हिवाल्डी त्यांनाच शिकवायचा. माझा मुद्दा तोलाचा आहे. बाखचा दोन व्हायोलिनांचा डी मायनर कॉन्चेर्तो घ्या. धातूच्या तारांची सोळा व्हायोलिनं मागे असली की हार्पसिकॉर्ड नुसतं दिसतं.

नानबा:
मग सोळाची चार करा! वादक कमी करायचे सोडून तारा कसल्या बदलता?

अवंती:
चार केली तरी एकट्याच्या व्हायोलिनची धातूची वरची तार चमकत राहते, हार्पसिकॉर्ड तिच्याखाली दबतंच. पण दीड-दोन हजार खुर्च्यांच्या सभागृहात तातीचा आवाज मागच्या रांगेला पोचत नाही, हेही खरं. गंधार, त्याचं काय करायचं ते सांगा.