व्हर्च्युओसो लेआउट: एकाच कळीवर निवडक थर दाखवण्यासाठी स्किलमध्ये शॉर्टकट कसा लिहावा?

प्रश्न (अंधेरी)

नमस्कार. मी सीप्झमधील एका डिझाइन केंद्रात कॅडन्स कंपनीच्या व्हर्च्युओसो या सॉफ्टवेअरवर अॅनालॉग लेआउटचे (चिपवरील सर्किटचा थराथरांचा आराखडा काढण्याचे) काम करते. करंट मिररची (प्रवाहाची प्रत काढणाऱ्या ट्रान्झिस्टरांची) जुळणी तपासताना मला वारंवार फक्त मेटल वन, मेटल टू हे धातूचे थर आणि त्यांना जोडणारे व्हाया एवढेच पाहायचे असते आणि लगेच पुन्हा सर्व थर हवे असतात. लेयर पॅलेटमध्ये एकेका थरावर क्लिक करताना नजर चित्रावरून हटते, आणि सममितीच्या कामात नजर हटणे हेच मोठे नुकसान आहे. हे दोन्ही देखावे एका कळीने आलटून पालटून मिळावेत, अशी इच्छा आहे. व्हर्च्युओसोच्या स्किल या प्रोग्रॅमिंग भाषेतील, कळीला आज्ञा जोडणाऱ्या ‘एचआय-सेट-बाइंड-की’ या फंक्शनबद्दल मी वाचले आहे. मात्र संपूर्ण कोड त्याच्या अवतरणचिन्हांतच लिहावा लागतो का, आणि सहकाऱ्यांच्या कळा न बिघडवता तो सर्वांना कसा देता येईल, हे मला समजलेले नाही.

उत्तर (मुलुंड)

कोड तेथे लिहू नका. त्या फंक्शनला तीन गोष्टी लागतात: ‘लेआउट’ हे अॅप्लिकेशनचे नाव, कळ आणि आज्ञा. आज्ञा ही स्ट्रिंग असल्यामुळे तिच्या आत पुन्हा अवतरणचिन्ह आले की त्याच्या आधी बॅकस्लॅश द्यावा लागतो. दोन ओळींपलीकडे गेलेला असा मजकूर पुढे कोणालाही, अगदी लिहिणाऱ्यालासुद्धा, धड वाचता येत नाही. म्हणून वेगळ्या फाइलमध्ये नाव असलेली प्रोसीजर लिहावी आणि कळीला केवळ त्या नावाची हाक द्यावी. प्रोसीजरचे नाव कॅपिटल अक्षराने सुरू करावे, कारण कॅडन्सची स्वतःची फंक्शन्स एलई, जीई, एचआय, डीबी अशा स्मॉल अक्षरांतील उपसर्गांनी सुरू होतात आणि त्यांच्याशी नाव जुळले तर मूळ फंक्शनच झाकले जाते.

आता आलटून पालटून करण्याविषयी. ‘सध्या काय दिसत आहे’ हे बरेच जण एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये जपतात. परंतु कोणी पॅलेटमधून हाताने थर बदलला की ते व्हेरिएबल खोटे ठरते आणि कळ पहिल्यांदा दाबल्यावर काहीच घडत नाही. त्याऐवजी ‘एलई-इज-लेयर-व्हिजिबल’ने पॉलीचा (ट्रान्झिस्टरच्या गेटचा) थर दिसतो आहे का, हे दर वेळी प्रत्यक्ष विचारावे. दिसत असेल तर ‘एलई-सेट-एंट्री-लेयर’ने मेटल वन निवडावा, ‘एलई-सेट-ऑल-लेयर-व्हिजिबल’ला निल (म्हणजे ‘नाही’) देऊन सर्व थर लपवावेत आणि हवे तेवढेच ‘एलई-सेट-लेयर-व्हिजिबल’ने परत आणावेत, दिसत नसेल तर सर्व थर दाखवावेत. शेवटी ‘एचआय-रीड्रॉ’ द्यावे, नाहीतर पडदा जुनेच चित्र दाखवत राहतो. येथे थर म्हणजे एक नाव नव्हे, तर लेयर आणि पर्पज (त्या थराचा उपयोग) यांची जोडी असते, त्यामुळे केवळ ड्रॉइंग परत आणून पिन हा पर्पज विसरलात तर पिन दिसणार नाहीत आणि नेट (कोणती विद्युत जोडणी आहे ते) ओळखणे अवघड जाईल.

प्रोसीजर आणि कळ बांधण्याची ओळ असलेली ही फाइल सामायिक डिरेक्टरीत ठेवून प्रत्येकाच्या ‘डॉट-सीडीएसइनिट’ या, व्हर्च्युओसो सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमधून लोड करावी. मूळ कळांची फाइलही तेथूनच लोड होत असेल, तर आपली ओळ तिच्या खाली असू द्या. नंतर लोड होणारी फाइल आधीच्या कळा पुसून टाकते.

उत्तर (ठाणे)

वरील बहुतेक सर्व मान्य आहे, मात्र कळासुद्धा सामायिक फाइलमध्ये बांधाव्यात, हे मला पटत नाही. लेआउट करणाऱ्याच्या बोटांत वर्षानुवर्षांची सवय मुरलेली असते: ‘के’ने मोजपट्टी, ‘एस’ने स्ट्रेच, ‘एफ’ने संपूर्ण चित्र, ‘एफ-थ्री’ने चालू आज्ञेचा फॉर्म. त्यांपैकी एक जरी कळ दुसऱ्याच्या आवडीने बदलली तरी त्याचे काम दिवसभर अडखळते, आणि टेपआउटच्या (आराखडा चिप बनवायला पाठवण्याच्या) आठवड्यात हे अजिबात परवडत नाही. प्रोसीजर सर्वांची असावी, कळ ज्याची त्याने निवडावी. सर्वांना एक प्रारंभिक कळ द्यायचीच असेल तर आधी ‘एचआय-गेट-बाइंड-की’ने ती मोकळी आहे का, हे तपासावे आणि निल आले तरच बांधावी.

उत्तर (माटुंगा)

महाविद्यालयात शिकणाऱ्या वाचकांसाठी थोडी भर घालतो. व्हर्च्युओसोचा परवाना नसेल तर केलेआउट या मुक्त साधनात हेच काम रुबी किंवा पायथनच्या मॅक्रोने करता येते. लेयरच्या यादीवर इटरेटर फिरवून प्रत्येक नोंदीचा ‘व्हिजिबल’ हा गुणधर्म बदलायचा आणि मॅक्रोला मेनूत जागा देऊन त्यालाच कळ जोडायची. 2020 मध्ये खुली झालेली स्काय-130 ही पीडीके (चिप बनवणाऱ्या फाउंड्रीच्या प्रक्रियेसाठीचा डिझाइन संच) सरावासाठी उत्तम आहे.

प्रश्नकर्ती (अंधेरी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रोसीजर वेगळी लिहून कंट्रोलसह एका मोकळ्या कळीला बांधली. पाथ काढत असताना दाबली तरी चालू आज्ञा मोडत नाही. मात्र आमच्याकडे दोन फाउंड्रींचे प्रकल्प शेजारी शेजारी चालतात आणि त्यांतील थरांची नावे वेगळी आहेत. त्यासाठी दोन फाइली ठेवाव्यात का?

उत्तर (मुलुंड)

दोन फाइली ठेवल्यास एकीतील सुधारणा दुसरीत करायची राहून जाते. फाइल एकच असू द्या. ‘जीई-गेट-एडिट-सेलव्ह्यू’ने उघडलेला सेल घ्या, ‘टेक-गेट-टेक-फाइल’ने त्याची टेक्नॉलॉजी मिळवा आणि तिच्या लायब्ररीच्या नावावरून थरांची यादी निवडा. प्रत्येक यादी मात्र त्या पीडीकेची कागदपत्रे पाहून स्वतंत्र बनवा, केवळ नावे बदलून नक्कल करू नका. उदाहरणार्थ, वर उल्लेखलेल्या स्काय-130मध्ये मेट-वनच्या खाली एलआय-वन हा जोडणीचा आणखी एक थर आहे, आणि तो यादीतून सुटला तर निम्म्या जोडण्या अदृश्य राहतील.