मदत हवी आहे: जाळणीनंतर आग खरंच विझली, हे कसं ठरवतात?

नमस्कार मंडळी. वणव्याचा धोका कमी करायला जंगलातला पालापाचोळा आणि वाळलेलं गवत योग्य हवा-वारा बघून मुद्दाम जाळतात, त्याबद्दल वाचतेय. तत्त्व पटतं: जमिनीवर जळायला फारसं उरलंच नाही, तर ज्वाळा शेंड्यापर्यंत सहसा चढत नाहीत. अमेरिकेत कित्येक दशकं दिसेल ती आग विझवत राहिले आणि जंगलात सरपण साचत गेलं, हेही कळलं.

अडतंय ते पुढे. न्यू मेक्सिकोत 2022च्या जानेवारीत पेटवलेले फांद्यांचे ढीग हिवाळाभर आत धुमसत राहिले आणि एप्रिलमध्ये वाऱ्याने भडकले. ती आग दुसऱ्या एका जाळणीतून निसटलेल्या आगीला जाऊन मिळाली आणि 3 लाख एकरांहून जास्त प्रदेश होरपळला. बर्फ पडूनही धग विझली नाही! वाचून फार अस्वस्थ झाले.

वनखात्यात किंवा अग्निशमनात काम केलेलं कुणी आहे का इथे? राखेखालची धग हाताने चाचपतात की उष्णता टिपणारा कॅमेराच लागतो? पहारा किती दिवस ठेवतात? आणि ढीग रचून जाळण्यापेक्षा पसरलेला पाचोळा जागच्या जागी जाळणं सुरक्षित असतं का? प्रत्यक्ष अनुभवातून सांगितलंत तर फार मदत होईल.