आईची गुडघेदुखी: निर्गुंडीचा शेक, हळदीच्या कॅप्सूल आणि एक बिननावाची पुडी

माणदेशी:
नमस्कार. माझी आई 67 वर्षांची आहे आणि गेली आठ वर्षे तिचे गुडघे दुखतात. क्ष-किरण तपासणीत झीज दिसल्यावर डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुचवले. हृदयाची झडप बदलल्यापासून ती रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिनही घेते. निर्गुंडीच्या पाल्याचा शेक तिला मानवतो. अलीकडे मामाने हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणल्या आहेत. त्याशिवाय दोन महिन्यांपूर्वी शेजारणीने आठवडी बाजारातल्या एका विक्रेत्याकडून करड्या चूर्णाच्या पुड्या आणून दिल्या. पुडीवर ‘शुद्ध जडीबुटी’ याखेरीज एक अक्षर नाही. तिसऱ्या दिवशी आई कठडा न धरता जिना चढली, त्यामुळे घरात सर्वांना आनंद झाला. पण आता तिची भूक वाढली आहे आणि चेहरा सुजल्यासारखा दिसतो. यांपैकी काय चालू ठेवावे?

पाटाचे_पाणी:
शेकाबद्दल निःशंक राहा. आमच्याकडे तव्याला एरंडेलाचा हात फिरवून त्यावर पाला मऊ होईपर्यंत परततात, जुन्या धोतराच्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधतात आणि आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहतात. झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही. आखडलेला सांधा मात्र तासभर मोकळा होतो, आणि व्यायाम करून घ्यायला तोच तास उपयोगी पडतो. आईंना मधुमेह असून पायांना बधिरता असेल, तर पुरचुंडी कोमटच ठेवा, कारण चटका बसल्याचे त्यांना कळणार नाही.

सुंठ_साखर:
पुडी आजच्या आज उकिरड्यावर टाका. इतका झटपट गुण कोणत्याही मुळीला येत नाही.

खलबत्ता:
सुंठ_साखर यांचा संशय मला रास्त वाटतो, सल्ला मात्र धोक्याचा आहे. मी औषधनिर्माता आहे. दोन-तीन दिवसांत आलेला उतार, वाढलेली भूक आणि गोल झालेला चेहरा ही लक्षणे एकत्र दिसली की अशा चूर्णात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉईड मिसळले असावे, अशी शंका घ्यावी लागते. बाहेरून स्टेरॉईड मिळत राहिले की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे स्टेरॉईड बनवणे कमी करतात, आणि दोन महिन्यांनंतर पुडी एकाएकी थांबवली तर रक्तदाब कोसळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून पुडी न फेकता ती घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा. रक्तातील साखर आणि सकाळचे कॉर्टिसॉल तपासायचे का, हे त्यांना विचारा. चूर्णात स्टेरॉईड आहे असे गृहीत धरले, तर मात्रा कशी उतरवायची हे तेच ठरवतील.

हळदीचे म्हणाल, तर आमटीतल्या चिमूटभर हळदीने काही बिघडत नाही. कॅप्सूलमध्ये मात्र हळदीतले कर्क्युमिन हे द्रव्य दाट असते, अनेकांत ते अंगात अधिक शोषले जावे म्हणून मिऱ्यातले पिपेरीनही घातलेले असते, आणि वॉरफरिनबरोबर ते घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. त्या थांबवा, आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासून घ्या. ‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार?’ असे गिऱ्हाईक म्हणते, तेव्हा मी त्याला धोत्र्याची आठवण करून देतो. ज्येष्ठमधासारखे घरगुती मूळही रोज खाल्ले तर रक्तदाब चढतो. काढा असो वा आसव, डॉक्टरांच्या यादीत त्याची नोंद हवीच.

माणदेशी:
सर्वांचे आभार. आयएनआर 4.6 आला, उपाशीपोटीची साखर 168. पुडी पाहून डॉक्टरांनी तोच संशय बोलून दाखवला. त्यांनी आता मोजक्या मात्रेची स्टेरॉईडची गोळी दिली असून ती टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. वॉरफरिनची मात्राही त्यांनीच बदलली. कॅप्सूल बंद केल्या. मामा रुसला आहे. आईचे गुडघे पुन्हा दुखू लागले आहेत आणि ‘बरे चालले होते की!’ हे मला रोज ऐकावे लागते, तरी शेक घेतल्यावर ती खुर्चीवर बसून पाय सरळ उचलण्याचा व्यायाम करते. पाला आणायला ओढ्यापर्यंत जावे लागते, म्हणून परसात निर्गुंडी लावायची आहे. फांदी लावून जगते का?

पाटाचे_पाणी:
जगते. पहिला पाऊस झाल्यावर अंगठ्याएवढी जाड, वीतभर फांदी तिरकी खोचा. शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणालाच लावली तरी चालेल.