‘चार बोल्ट, दोन पाइप, दोन दिवस’ : घरी बांधलेल्या गाडीत दुसरे इंजिन बसवण्याविषयी

गिरणाकाठ :

भुसावळच्या ‘भरीतप्रेमी’ यांचा मजकूर वाचून मी दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी राहवले नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : नळ्यांची चौकट जोडून घरी बांधलेल्या दोन आसनी गाडीतले मारुती ओम्नीचे 796 सीसीचे इंजिन त्यांनी दोन वर्षांपूर्वी उतरवले, त्या जागी मारुती जिप्सीचे 1298 सीसीचे एमपीएफआय (संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारे) इंजिन गियरबॉक्ससकट बसवले, ‘चार बोल्ट, दोन पाइप, दोन दिवस’ एवढ्यात काम आटोपले, आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप) ही थंड मुलखाची चैन असल्यामुळे खानदेशात तो काढून फेकावा.

इंजिनाची निवड उत्तम आहे, हे आधीच सांगतो. सुमारे 35 अश्वशक्तीच्या जागी 80 मिळते, आणि जिप्सीची ट्रान्स्फर केस (चारही चाकांना शक्ती वाटणारी पेटी) गियरबॉक्सपासून सुटी असल्यामुळे ती गाळून प्रॉपेलर शाफ्ट थेट मागच्या धुरीला जोडता येतो. माझे भांडण ‘दोन पाइप’ या शब्दांशी आहे. मीही अशीच गाडी बांधली आहे. इंजिन जागेवर बसायला मला तीन दिवस लागले. पाण्याच्या आणि पेट्रोलच्या नळ्या मार्गी लागायला चार महिने.

या गाड्यांचे नाक बुटके असते, त्यामुळे रेडिएटरचे झाकण इंजिनाच्या हेडपेक्षा, म्हणजे सिलिंडरांवरच्या माथ्यापेक्षा, खाली येते. झाकणातून पाणी ओतले की ते भरल्यासारखे दिसते, आणि हवा मात्र हेडमध्ये अडकून बसते. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की मोटार फिरते आणि पाणी येत नाही, तसाच हा प्रकार असतो. माझ्या गाडीत तापमानाचा काटा निवांत मध्यावर होता, कारण सेन्सर पाण्यात नव्हताच, वाफेच्या पोकळीत होता. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हाताला चटका देत होता आणि खालचा गार होता. हे मला वेळेत कळले नाही आणि हेड गॅसकेट गेले. नंतर रेडिएटरची जादा पाण्याची बाटली फायरवॉलवर (इंजिन आणि आसने यांच्यामधल्या पत्र्यावर), सगळ्यांत उंच जागी घेतली, पुढची चाके विटांच्या थरावर चढवली, आणि होज हाताने दाबत बसलो, तेव्हा एकामागून एक गुडगुड करत बुडबुडे बाहेर आले. ते काम पाऊण तास चालले होते.

पेट्रोलचेही तेच. जुन्या कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब पाव बारच्या आसपास असतो आणि एमपीएफआयच्या रेलमध्ये (फवाऱ्यांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) तो तीन बारच्या घरात जातो. ओम्नीची जुनी रबरी नळी तिथे ठेवणे म्हणजे गरम सायलेन्सरशेजारी पिचकारी भरून ठेवणे आहे.

राहिला थर्मोस्टॅट. तो काढला की पाणी इतक्या वेगाने धावते की रेडिएटरमध्ये थंड व्हायला त्याला सवड मिळत नाही, म्हणून गाडी उलट अधिक तापते. तो काढण्याचा सल्ला जाहीरपणे देऊ नये, एवढीच विनंती आहे.

भरीतप्रेमी :

चार महिने लागले, हे आपण अभिमानाने सांगता आहात की कबुलीजबाब देता आहात, ते मला कळले नाही. माझी गाडी दोन उन्हाळे चालली आहे. मे महिन्यात भुसावळात पारा 45 च्या वर असताना, केळीच्या बागांमधल्या शेतरस्त्यांवर ती चालली आहे, आणि एकदाही उकळलेली नाही. आमच्या गॅरेजवाल्याला मी विचारले, तर तो म्हणाला, ‘काढी टाक ना भो, ते कशाले पाहिजे?’ त्याने अशा कितीतरी गाड्यांचे थर्मोस्टॅट काढले आहेत. ज्याचे हात तीस वर्षे काळे झाले आहेत त्याचे ऐकायचे की विटांवर गाडी चढवून होज दाबत बसणाऱ्यांचे, हे वाचकांनी ठरवावे.

पेट्रोलच्या नळीबाबत मात्र आपण उगाच गैरसमज करून घेतला आहे. मी एमपीएफआयचीच जाड नळी घातली आहे. ते लिहायचे राहिले.

धुळेकर 18 :

आपण दोघे नळ्यांवरून भांडत आहात, पण मुळात ही गाडी रस्त्यावर आणता येते का, हे कोणीच विचारत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी-पुस्तकात लिहिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच अंगाने निकाल दिला आहे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेकट्या गाडीची स्वतंत्र मंजुरी-चाचणी होते. तिथे लोटस सेव्हन या छोट्या दोन आसनी गाडीच्या धर्तीवर गाड्या बांधण्याचा छंद टिकला, यात त्या व्यवस्थेचा वाटा आहे. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 ची नमुना-चाचणी उत्पादक आणि आयातदार यांच्यासाठी लिहिलेली आहे. माझ्या जुन्या जीपमध्ये, कागदपत्रांसह विकत घेतलेले त्याच जातीचे इंजिन बसवल्यावर, नोंदणी-पुस्तकात नवा इंजिन क्रमांक चढवून घेण्यासाठी मला अकरा खेपा घालाव्या लागल्या. अकरावी खेप झेरॉक्सची शाई पुसट आहे म्हणून होती.

गिरणाकाठ :

धुळेकर, आपले दुःख मला समजते, पण माझी गाडी माझ्या शेतात फिरते आणि भरीतप्रेमींचीही तशीच फिरते. आपल्या अकरा खेपांसाठी वेगळा धागा काढावा. मी तिथे येऊन माझ्या सात सांगेन.

तापीची लेक :

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवते, आणि दोन्ही बाजूंना थोडे नाराज करणार आहे.

गिरणाकाठ यांचा निष्कर्ष बरोबर आहे, पण कारण चूक आहे. पाणी वेगाने गेले म्हणून त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही, हा गॅरेजांइतकाच पदवीधरांमध्ये पसरलेला भ्रम आहे. पाणी रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबते, हे खरे, पण तेच पाणी त्याच प्रमाणात अधिक वेळा परत येते, आणि वेगामुळे नळीच्या भिंतीशी होणारी उष्णतेची देवघेव कमी न होता वाढते. थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी तापते ती वेगळ्या कारणाने. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला आणखी एक तबकडी असते. वरचे दार उघडले की ही तबकडी बायपासचे भोक बंद करते. थर्मोस्टॅटच उपटून टाकला तर ते भोक कायम उघडे राहते, आणि गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरचे तोंडही न पाहता इंजिनात परत शिरतो. ज्या इंजिनात अशी तबकडी नसते तिथे गाडी तापत नाही, म्हणून गॅरेजवाल्यांचा अनुभवही खोटा नसतो.

भरीतप्रेमी, उन्हाळ्याच्या बाबतीत आपली चिंता योग्य आहे, उपाय मात्र चुकीच्या जागी लावला आहे. रेडिएटरचे काम पाणी आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर चालते. पाणी 90 अंशांचे आणि हवा 20 ची असेल तर फरक 70 होतो. हवा 45 ची झाली की तो 45 उरतो. म्हणजे तोच रेडिएटर मे महिन्यात एक तृतीयांशाहून अधिक क्षमता गमावतो. यावर मोठा रेडिएटर, पंख्याभोवती नीट आच्छादन आणि रेडिएटरला वळसा घालून निसटणारी हवा अडवणारे पत्रे, हे उपाय आहेत. 82 अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट 90 अंशांवर बराचसा उघडलेलाच असतो. उन्हाळ्यात त्याच्यामुळे आपले फारसे काही अडत नाही.

अडते ते हिवाळ्यात. इंजिन 60 अंशांवरच घुटमळत राहिले तर एमपीएफआयचा संगणक त्याला थंड समजून जास्त पेट्रोल देत राहतो. ते सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि खाली ऑइलमध्ये मिसळते. जास्त पेट्रोलाने प्लग काजळतात. आपण ते काढून पाहिले आहेत का?

भरीतप्रेमी :

प्लग काळे आहेत. त्याचे कारण ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल आहे, हे कोणीही सांगेल.

तापीची लेक :

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जुळणीच्या इंजिनात त्याने मिश्रण विरळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. विरळ मिश्रणाने प्लग काळे होत नाहीत. ई20 वर दोष ठेवायचा असेल तर तो जुन्या रबरी नळ्या आणि सील यांच्या बाबतीत ठेवावा. तिथे तो खरोखर लागू पडतो.

शेडमधला फिटर :

मी भुसावळात रेल्वेच्या नोकरीत पस्तीस वर्षे पाने फिरवली आहेत. आपण सगळे नळ्यांविषयी बोलता आहात आणि नळ्यांत काय भरता, हे कोणी सांगत नाही. आपल्याकडच्या बोअरचे पाणी पातेल्यात उकळले की तळाला पांढरा थर धरते, हे घरातल्या कोणत्याही बाईला ठाऊक आहे. पण तेच पाणी ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये ओतताना पुरुषांना ते आठवत नाही. माझ्या पुतण्याने असेच केले. दोन वर्षांनी रेडिएटर उघडला तेव्हा खालच्या नळ्यांमध्ये सळई जात नव्हती. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट यांना पर्याय नाही.

त्याच पुतण्याने पुढच्या रेडिएटरपर्यंत ठिबकच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाइप टाकला होता. जळगाव जिल्ह्यात पाइपाला तोटा नाही, म्हणून तो कुठेही वापरावा असे नाही. 80 अंशांच्या आसपास पीव्हीसी मऊ पडतो; पहिल्याच दुपारी तो पाइप क्लिपखाली चपटा होऊन सुटला. नंतर त्याने लोखंडी नळी टाकली, तर टोकाला उभी कड काढली नव्हती, म्हणून होज सटकला. क्लिप कितीही आवळली तरी गुळगुळीत टोकावर होज थांबत नाही. उलट क्लिपचे दाते रबर कापतात.

आणखी एक गोष्ट. इंजिन रबरी माउंटवर बसते, त्यामुळे इंजिनापासून चौकटीपर्यंत जाड अर्थिंगची पट्टी लागते. ती विसरलात तर स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. एका गाडीची केबल तापून तिचे प्लास्टिक वितळलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

धुळेकर 18 :

ऑइलविषयी कोणीच बोलत नाही, म्हणून कायदा बाजूला ठेवून सांगतो. माझ्या मित्राच्या गाडीत इंजिनाचा संप (तळाची ऑइलची टाकी) चौकटीच्या आडव्या नळीला लागत होता. त्याने संप कापून दोन इंचांनी उथळ केला आणि ऑइल ओढणारी जाळी तळापासून किती अंतरावर राहिली, ते मोजलेच नाही. बंद पडलेल्या एका जिनिंगच्या आवारात गाडी गोल फिरवताना प्रत्येक डाव्या वळणावर ऑइलचा दिवा लुकलुकायचा. तो म्हणाला, वायर सैल असेल. तीन दिवसांनी बेअरिंग वाजू लागले. वळणात ऑइल एका कडेला जाते; तिथे आडवे पत्रे नसतील तर जाळी हवा ओढते.

गिरणाकाठ :

वेगाच्या मुद्द्यावर मी चुकलो, हे मान्य करतो. वीस वर्षे मी तेच सांगत आलो आणि कोणी हटकले नाही. निष्कर्ष मात्र माझाच टिकला, याची भरीतप्रेमी यांनी नोंद घ्यावी.

भरीतप्रेमी :

नोंद घेतली. ज्यांना स्वतःच्या निष्कर्षाचे कारण वीस वर्षे ठाऊक नव्हते त्यांनी मला शिकवू नये, हीही नोंद सोबत ठेवतो. आपले हेड गॅसकेट गेले आहे, माझे गेलेले नाही. याउपर बोलायचे असेल तर आकड्यांनी बोलावे.

तापीची लेक :

मग आकडेच घ्यावेत. पहाटेच्या थंडीत गाडी वीस मिनिटे चालवा आणि थर्मोस्टॅटच्या घरावर तापमापक धरा. 75 च्या वर आकडा आला तर मी माझे शब्द मागे घेईन.

भरीतप्रेमी : *(सहा दिवसांनी)*

मुलाच्या हट्टाखातर तापमापक आणला. सकाळी सहा वाजता, आठ किलोमीटर चालवल्यानंतर, आकडा 58 आला. मापकच बिघडला असेल म्हणून चहाच्या पातेल्यावर धरून पाहिला. तिथे तो बरोबर चालत होता. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो, असे मुलगा म्हणतो. मला येत नाही, पण माझे नाक तंबाखूने गेलेले आहे.

थर्मोस्टॅट परत बसवला आहे, 82 चा, हवा निसटण्याची बारीक पिन वरच्या बाजूला ठेवून. तो धाग्यातल्या वादामुळे बसवलेला नाही, तापमापकामुळे बसवला आहे. जुना सापडला तर त्याच्या खाली तबकडी दिसेल अशी माझी अपेक्षा होती, पण दोन वर्षांपूर्वी तो गॅरेजवाल्याने कुठे टाकला, ते त्यालाही आठवत नाही. ऑइल बदलले. भर उन्हाळ्यात ही गाडी उकळली तर त्याच दुपारी इथे येऊन कळवीन, सर्वांची नावे घेऊन.

गिरणाकाठ यांच्या समाधानासाठी काल बसून नळ्याही मोजल्या. पाण्याच्या सात, पेट्रोलच्या तीन, ब्रेकच्या व्हॅक्यूमची एक, वाफ बाटलीत नेणारी एक, अशा बारा निघाल्या. क्लिपा तेवीस, कारण एक लावायची राहून गेली होती. बोल्ट मात्र चारच आहेत.